सरळ केलेला माथा

आयर्लंडमधल्याच लेटरकेनी गावच्या डॉक्टर शैलेंद्रला होकार दिला तर केतकीच्या पदरात काय पडेल, ते आईने पुण्याहून व्हॉट्सॲपवर कळवलं होतं : शांत नवरा, खाडी दिसणारं घर, मोठी गाडी आणि मावश्यांची तोंडं कायमची बंद. उत्तर आज चारपर्यंत हवं होतं. हातचं काय जाणार, ते मात्र आईने लिहिलं नव्हतं. डब्लिनच्या औषध कारखान्यातली केतकीची नोकरी बायोडेटात एका ओळीत निकालात निघाली होती, 'लग्नानंतर सोडण्यास तयार'. ओळ अर्थातच आईची.

वेळ काढायला ती डब्लिनमधल्या एका जपून ठेवलेल्या, डच धाटणीच्या जुन्या घरात शिरली. उंबरा दिसला आणि सवयीने बूट बाहेर काढले गेले. आत सगळे बुटांनिशी फिरत होते... एक जण सोडून. त्याच्या मोज्यातून अंगठा डोकावत होता.

"मराठी?" त्याने तिच्या पायांकडे बघत विचारलं.

"पायांवर लिहिलंय का?"

"जवळजवळ. बाहेर पाऊस सुरू झालाय. आपल्या दोघांचेही बूट पाण्याने भरले असतील."

तो यशोधन. दूर पश्चिमेला एनिस गावाजवळ वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात इंजिनियर, इकडे सुट्टीपुरता आलेला. बूट भिजल्याचा आनंद लपवणं त्याला जमत नव्हतं.

गाइडबाई सांगत होत्या, आयर्लंडमधली लढाई जिंकलेल्या डच राजाच्या मानासाठी दर्शनी भिंतीचा हा वळणदार माथा बांधला. पुढे फॅशन बदलली, तशी मालकाने वळणाच्या दोन्ही बाजूंना विटा भरून माथा सरळ केला. दीडशे वर्षं घर चारचौघांसारखं उभं राहिलं. दुरुस्तीत विटा काढल्या, तर वळण आत जसंच्या तसं.

"लोक काय म्हणतील, ते इथेही होतं तर," यशोधन पुटपुटला.

केतकी हसली... आणि मध्येच थांबली. मग खिडकीवरच्या पावसाकडे बघत तिने स्थळाची, बायोडेटाची सगळी कथा या अनोळखी माणसाला सांगून टाकली. त्याने सल्ला दिला नाही.

"ती ओळ खोडणार कधी?" एवढंच विचारलं.

"तुम्ही फार चौकशा करता."

"'तू' म्हणालीस तर कमी करीन."

तेवढ्यात आईचा फोन आला. केतकी बाजूला गेली नाही.

"आई, डॉक्टर चांगलाच असेल. पण मी नोकरी सोडणार नाही. त्याला नाही म्हणून कळव, आणि ती ओळ खोड." पलीकडून बराच वेळ आवाज येत राहिला. "नाही गं, कोणी फूस लावलेली नाही—" तिने यशोधनकडे एक तिरपी नजर टाकली. "तो आत्ताच भेटलाय. त्याला अजून वेळच मिळाला नाहीये."

यशोधनचे कान लाल झाले.

हा नकार कोणाला किती महागात पडला, ते वर्षभराने कळलं. शैलेंद्रला काहीच नाही, त्याच्याकडे आणखी सहा बायोडेटा होते. आईला मावश्यांपुढे दोन सण गप्प बसावं लागलं. केतकीने आईचा तीन महिन्यांचा अबोला सोसला, रडली, पण शब्द मागे घेतला नाही. आणि केतकीच्या लग्नासाठी कोणाला तरी नोकरी सोडावी लागलीच — एनिसची. ती यशोधनने सोडली, कोणी लिहून घेतलं नसताना.