चौघांचा ताप, एकाचं हाड

सकाळी सव्वानऊला डॉक्टर विजयसिंहांचा बारामतीहून फोन आला. "ऋषिराजचं ऑपरेशन थांबवलंय. रक्तदाब ऐंशीच्या खाली. सलाईनने वर येत नाही. जंतुसंसर्ग सापडत नाही."

तालुक्याच्या साथरोग अधिकारी प्रगती यांनी फाईल उघडली. ऋषिराज, वय अठ्ठावीस, सांगवी. गेल्या दिवाळीत फ्लू. आता उजव्या खुब्याचं हाड मेलेलं, डाव्याची सुरुवात.

"विषाणू हाडात शिरला असेल?" विजयसिंहांनी विचारलं.

"शिरू शकतो का, यावर अजून संशोधन चालू आहे. कधीपासून दाखल?"

"तीन दिवस. दुपारपर्यंत कारण मिळालं नाही, तर तो हाती लागणार नाही."

अर्ध्या तासात प्रगती सांगवीत पोचल्या. ऋषिराजची बायको स्वरूपा ओसरीवर बसली होती. रडून डोळे सुजलेले.

"ताप कुणाकुणाला आला होता?"

"चौघांनाबी. मी, हे, सासूबाई, आबा."

"हाडं कुणाची दुखतात?"

"यांचीच."

"तापानंतर तब्येत कशी होती?"

"उलट सुधारली की! भूक वाढली, गाल वर आले. मी म्हणायची, पाव्हणं ओळखायचं न्हाईत तुमाला."

"औषध?"

"डॉक्टरांचं पाच दिवसांत संपलं. मग फकस्त आबांचा गुळवेलीचा काढा. लई कडू. आमच्या तोंडात ठरत न्हाय, हे रोज प्यायचे. दवाखान्यात बाहेरचं काय देऊ देत न्हाईत."

प्रगती गोठ्याकडे वळल्या. सासरे जोतीराम दोन गाईंना वैरण टाकत होते.

"गाई गाभण?"

"व्हय. एक सातव्यात, एक आठव्यात."

"यंदा आजारी पडल्या?"

"न्हाय बा. ठणठणीत हायत."

खिडकीच्या कोनाड्यात रबरी बुचाच्या सात रिकाम्या बाटल्या होत्या. जनावरांचं औषध. प्रगतींनी एकीवरचं नाव आणि तारीख वाचली. बाटली या मे महिन्यात तयार झालेली, म्हणजे गाई गाभण असतानाच आणलेली.

"आबा, हे कुणासाठी आणलं?"

"गाईंसाठी."

"गाभण गाईला हे दिलं तर ती गाभडते, गर्भ पडतो. तुम्ही जन्मभर गुरं राखलीत. तुम्हाला हे ठाऊक आहे."

जोतीरामांच्या हातातली पेंढी खाली पडली.

प्रगतींनी तिथूनच फोन लावला. "विजयसिंह, स्टेरॉइड. काढ्यातून, कित्येक महिने रोज. बाहेरून मिळत राहिलं, म्हणून शरीराने स्वतःचं बनवणं सोडलं. तुमच्याकडे आल्यावर तीन दिवस ते एकदम तुटलं. तेच शिरेतून द्या, आत्ता."

फोन ठेवून त्या मागोमाग गोठ्यात आलेल्या स्वरूपाकडे वळल्या. "ताप चौघांना आला, हाड एकाचंच मेलं. विषाणूने कुणाचे गाल वर येत नाहीत. या औषधाने येतात, भूकही वाढते. आणि तेच आतून हाडाचा रक्तपुरवठा तोडतं."

स्वरूपा सासऱ्यांकडे बघत राहिली. "आबा? जनावराचं औषध? माझ्या नवऱ्याला?"

"गेल्या साली गाय व्यायली अन् बसली ती उठंना," जोतीराम म्हणाले. "गुरांच्या डॉक्टरनं ही सुई मारली, दुसऱ्या दिशी उभी. ह्योबी तापानंतर उठत न्हवता. म्हटलं, घालून बघू. चौथ्या दिशी रानात गेला! बंद केलं की पुन्यांदा आडवा. मग मी बंदच केलं न्हाय. सांगितलं असतं तर प्याला असता का?"

"पाय दुखायला लागले तेव्हा?" प्रगतींनी विचारलं.

"तवा... तवा मी जास्त घातलं."

चाळीस मिनिटांनी फोन वाजला. रक्तदाब शंभर. ऋषिराजने डोळे उघडले होते.

जोतीरामांनी हात जोडले. "मला पोलिसात द्या, म्याडम."

"ते नंतर. उजवा खुबा गेला. डावा वाचवायचा तर हे औषध थेंबाथेंबाने कमी करत आणावं लागेल. त्यासाठी किती, कधीपासून, कधी वाढवलं, सगळं हवंय. तुमच्याशिवाय कुणालाच ते ठाऊक नाही."

प्रगतींनी वही उघडली. स्वरूपाने सासऱ्यांसमोर पाण्याचा तांब्या आदळला.

"बोला," ती म्हणाली. "एक दिस बी चुकवू नका."