खिंडीपर्यंतचा आवाज

तिकोणा पेठेच्या सप्ताहात समीक्षा आली ती कीर्तन रेकॉर्ड करायला, आणि तिनं माईक ठेवला तो नेमका पखवाजासमोर. कीर्तनकार जानूबुवा उभे राहिले होते, टाळकरी मागं सरसावले होते. पखवाजाला कणीक लावता लावता वाजवणाऱ्यानं मान वर केली.

“मॅडम, हितं ठेवला तर बुवा ऐकूच यायचे न्हाईत. नुसता माजा पखवाज घुमंल.”

“मग? वाईट वाजवता का?”

टाळकऱ्यांत खसखस पिकली. कणकेच्या बोटांनीच त्यानं स्टँड उचलला, बुवांपुढं नेऊन ठेवला आणि जागेवर येऊन बसला… कान मात्र लाल. प्रितम त्याचं नाव. पहिल्या अभंगाला आज हात घाईत होता, असं बुवा त्याला नंतर म्हणाले.

समीक्षा खंडाळ्याची, वडील रेल्वेत. लोणावळ्याच्या तिच्या कॉलेजात मुलांनीच चालवलेलं रेडिओ केंद्र होतं. जिन्याखालची एक खोली आणि गच्चीवर ॲन्टेना, एवढाच त्याचा थाट. गुरुवारी संध्याकाळी तिचा कीर्तनाचा कार्यक्रम लागायचा. त्यात जानूबुवा जास्त, कारण बुवा निरूपणाला लागले की ऐकणाऱ्याच्या हातातलं काम आपोआप थांबायचं. तो काही नुसत्या गळ्याचा गुण नव्हे. देणाऱ्यानं दिलेलं असतं.

पेठेतलं कीर्तन लागलं त्या गुरुवारी, कार्यक्रम संपताच रेडिओ स्टेशनचा फोन वाजला.

“मी प्रितम. पखवाजवाला. लय चांगलं झालं. पण शेवटच्या गजरात माजी एक थाप उशिरा पडली.”

“मला नाही कळलं.”

“कसं कळंल? तुमी मधी बोलत व्हता.”

“मी बोलायला नको होतं?”

पलीकडं वारा घोंघावत राहिला.

“तसं… न्हाई म्हनलं मी.”

मग दर गुरुवारी फोन यायला लागला. कधी तो तालाबद्दल बोले, कधी भलत्याच कशाबद्दल.

“आज नमस्कार जरा उदास व्हता तुमचा.”

“सर्दी झालीय.”

“सुंठ-गूळ खावा मग.”

समीक्षाला सुंठ अजिबात आवडत नसे. तिनं ती आठवडाभर खाल्ली.

कार्यक्रमाच्या शेवटी ती आता म्हणायला लागली, “तिकोणा पेठेतल्या श्रोत्यांना विशेष नमस्कार.” स्टेशनची यंत्रं सांभाळणारा तिचा वर्गमित्र गौरव एकदा ते ऐकून हसला.

“अगं, पेठेत आपण लागतच नाही. मध्ये डोंगर आहे. दुधिवरे खिंडीपर्यंत कसंबसं, पुढं नुसती खरखर.”

“पण तिथल्याच माणसाचा फोन येतो.”

“मग तो खिंडीत येऊन ऐकत असणार.”

समीक्षाला फोनमधला तो वारा आठवला… आणि त्या दिवसापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट घर करून बसली. हा माणूस घाट चढून येतो तो कशासाठी? गळ्यात माळ असलेला, आपलंच वाजवणं पुन्हा ऐकून हात सुधारणारा. कीर्तनासाठी येत असेल, तर त्यात रागवायलाही जागा नव्हती. देवाचा हेवा कसा करायचा?

फेब्रुवारीत तिसऱ्या वर्षाची मुलं माईक दुसऱ्या वर्षाकडे द्यायची. समीक्षाचा कार्यक्रम पायलकडे गेला. प्रितमला तिनं काही सांगितलं नाही.

“हा काय छळ?” गौरव म्हणाला.

“छळ नाही. तो सवयीनं खिंडीत येणारच. पायलचा आवाज लागल्यावर उठून गेला, तर माझ्यासाठी येत होता. बसून राहिला, तर कीर्तनासाठी.”

“आणि तू हे बघायला जाणार?”

“मका खायला जाणार.”

खिंडीच्या वळणावर शालनमावशींची मक्याची टपरी होती. समीक्षानं स्कूटी टपरीमागं लावली. खाली पवनेचं पाणी ऊन निवल्यावर दिसतं तसं, पितळी. प्रितम आला, गाडी उभी केली, छोटा रेडिओ टाकीवर ठेवून शेजारी कठड्यावर बसला. सहा वाजले. आता पायलचा नमस्कार. आता बुवांचं नमन.

तो उठला नाही.

“मका गार झाला की गं,” मावशी म्हणाल्या.

“होऊ दे, मावशी.”

अभंग झाला असेल, निरूपण रंगात आलं असेल. तो तसाच, गुडघ्यावर हात ठेवून, पाण्याकडं बघत. समीक्षानं मक्याचे पैसे दिले. घरी जावं असं वाटलं… पण निरोप तरी नीट घ्यावा म्हणून ती रस्ता ओलांडून त्याच्याकडं गेली.

जवळ गेल्यावर कळलं, रेडिओ बंद होता.

तो दचकून उभा राहिला.

“बंद का केला?” तिनं विचारलं.

“आवाज बदलला.”

“कीर्तन तेच आहे. जानूबुवांचं.”

“बुवांचं कीर्तन मी त्यांच्या शेजारी बसून ऐकलंय की. ते ऐकाया घाट कोन चढंल?”

तिला हसू आलं. ते तिनं लगेच आवरलं.

“मग इतका वेळ बसलात कशाला?”

“इचार करत.” त्यानं रेडिओ उगीच या हातातून त्या हातात घेतला. “तुमाला आता गाठायचं कुटं? माज्याकडं नुसता स्टेशनचा नंबर. तितं फोन केला तर ती दुसरी उचलनार. तिला काय सांगू… की तुमच्या नमस्कारासाठी आठवडा काढतो म्हनून?”

वाऱ्यानं तिची ओढणी फडफडली. तिनं ती धरून ठेवली आणि दुसरा हात पुढं केला.

“मोबाईल दे.”

त्यानं दिला. तिनं त्यात आपला नंबर घातला, नाव लिहिलं, परत दिला.

“आणि रेडिओ लाव. देवाचं नाव चालू असताना बंद करतात का?”

त्यानं निमूट लावला. खरखरीतून बुवा उमटले, टाळ उमटले, त्याच्याच पखवाजाचा ठेका उमटला. दोघं कठड्यावर बसली, मध्ये हातभर अंतर. मग वीतभर.

“उद्या येशील?” त्यानं विचारलं.

“उद्या गुरुवार नाही.”

“म्हनूनच.”