चार वाजताची तफावत

झेरॉक्सच्या दुकानात मी आणि एक अनोळखी माणूस एकाच मशीनसमोर उभे होतो. बाहेर रिपरिप चालू होती, आत गरम कागदाचा वास. मी घाईत निघाले आणि माझी शेवटच्या वर्षाची मार्कशीट मशीनच्या काचेवरच राहिली. रस्ता ओलांडायच्या आत मागून तोच माणूस धापा टाकत आला.

"अहो... ही तुमची."

"माझी आहे, हे तुम्हाला कसं कळलं?"

"फोटोकॉपी काढताना तुम्हीच तर ठेवलीत. शिवाय गणितात अठ्ठ्याण्णव आहेत. म्हटलं, हे हरवलं तर रडाल."

"म्हणजे वाचलीत?"

"वाचली नाही... दिसली."

दिसली म्हणे. मी मार्कशीट उलटसुलट करून पाहिली, कोपरा दुमडलाय का ते बघितलं आणि आभार न मानता चालू पडले. अर्ध्या तासाने शाळेच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर तोच माणूस माझ्या शेजारी येऊन बसला, त्याच मुलाखतीसाठी. मनातल्या मनात मी त्याचं नाव झेरॉक्स ठेवून टाकलं.

मी संशयी आहे, हे मला मान्य आहे. आई कपडे शिवते आणि कापडाला कात्री लावण्याआधी तीनदा मोजते; ते माझ्या रक्तातच आलंय. त्यात आधीच्या नोकरीत एका गोडबोल्या सहकाऱ्याने माझं सहा महिन्यांचं काम स्वतःच्या नावावर खपवलं होतं. तेव्हापासून कोणी गोड बोललं की माझे कान टवकारतात.

मुख्याध्यापिका बाई तर माझ्याही वरताण निघाल्या. त्यांनी दोघांनाही तीन महिन्यांसाठी ठेवून घेतलं. काम म्हटलं तर साधं होतं: शाळेच्या रजिस्टरांमधली मुलांची नावं, जन्मतारखा, हजेरी, मार्क, सगळं वेबवरच्या एका छोट्या डेटाबेसमध्ये आणायचं, म्हणजे कुठल्याही वर्गशिक्षकाने बटण दाबलं की मुलाचा अहवाल समोर. आतले तक्ते आणि माहिती भरायची पानं त्याने बांधायची, अहवाल मी.

"आणि भरायचं मात्र दोघांनी," बाई म्हणाल्या. "तेच रजिस्टर, दोनदा. हा ग्रंथालयात बसेल, ही प्रयोगशाळेमागच्या खोलीत. एकमेकांचं बघायचं नाही. एका माणसाच्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही."

रोज चार वाजता मी तफावतीचा अहवाल काढायचे. जिथे दोघांची नोंद जुळत नाही तिथे दोघांनी मिळून मूळ रजिस्टर उघडायचं, चूक कोणाची ते ठरवून दुरुस्त करायची आणि ती त्याच्या नावावर मांडायची. तफावत नसली तर बसायचं कारण नाही. तीन महिन्यांनी ज्याच्या चुका कमी त्याला कायमची जागा. जागा एकच होती. आईचे डोळे सुईपुढे थकत चालले होते, आणि मला ती जागा हवीच होती.

पहिल्या आठवड्यात रोज चार-पाच तफावती निघायच्या. बाईंच्या खोलीबाहेरचं टेबल, मध्ये रजिस्टर, त्यावर वाकलेली दोन डोकी.

"हा एक आहे की नऊ?"

"नऊ. शेपूट कुठे वळलंय बघा."

"तुमची नजर चांगली आहे हो."

"माझ्या नजरेचं नको, रजिस्टरचं बोला."

तो हसायचा. हसताना त्याचा डावा डोळा किंचित बारीक व्हायचा. हे मी नीट लक्ष देऊन पाहिलं होतं – अर्थात संशयाने.

दुसऱ्या महिन्याच्या अखेरीस तफावती आटल्या. एकदा तर सलग चार दिवस एकही नाही. मला काही ते पचेना. तक्ते त्याने बांधलेले; माझ्या नोंदी तो आतून बघून उतरवत नसेल कशावरून? मी सापळा लावला. पाचवीतल्या एका मुलीची जन्मतारीख मुद्दाम चुकीची भरली. त्याने नक्कल केली, तर तीच चूक त्याच्याकडेही उतरेल आणि अहवाल कोरा निघेल.

चार वाजता अहवालात नेमकी तीच एक ओळ होती. त्याची तारीख बरोबर, माझी चूक.

त्याने रजिस्टरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "इतक्या सुवाच्य अक्षरात तुम्ही चुकलात?"

"माणूस आहे मी."

"हो का... आजच कळलं."

चूक माझ्या नावावर गेली. मला लाज वाटली, पण फार वेळ टिकली नाही, कारण दुसऱ्या दिवसापासून तो चुकायला लागला.

रोज एक. चौथीतल्या पोराची उंची बारा फूट. सातवीतल्या मुलीचा जन्म पुढच्या वर्षीचा. एकाच्या वडिलांचा व्यवसाय, जादूगार.

"जादूगार?"

"रजिस्टरात काय आहे?"

"दुकानदार."

"जवळपासच आहे की," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला, आणि मी इतकी हसले की बाईंनी दार उघडून बघितलं.

हसून झाल्यावर मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. हा मला गाफील करतोय. नाहीतर बाईंशी याचं आधीच काहीतरी ठरलंय. घरी आईला सगळं सांगितलं, तर तिने तोंडात धरलेल्या टाचण्या काढून विचारलं, "दिसायला कसा आहे?"

"त्याचा इथे काय संबंध?"

"काही नाही," ती म्हणाली आणि टाचण्या परत तोंडात धरल्या.

शेवटच्या आठवड्यात बाईंनी आणखी एक अहवाल मागितला: कोणती नोंद कोणी, कधी बदलली. त्याचा तक्ता झेरॉक्सने सुरुवातीलाच बांधून ठेवला होता आणि तो आपोआप भरत होता. मी तो फक्त छापून काढला. चार वाजल्यानंतरच्या दुरुस्त्या सोडल्या, तर त्याच्या नावासमोर सतरा ओळी होत्या. प्रत्येक नोंद सकाळी अगदी बरोबर भरलेली, आणि चारला दहा कमी असताना बदलून चुकीची केलेली. सतराच्या सतरा.

कागद घेऊन मी तडक ग्रंथालयात गेले.

"हे काय आहे?"

त्याने पाहिलं आणि ओझं उतरल्यासारखा खुर्चीत मागे टेकला. "तीन आठवडे लागले तुला? मला वाटलं होतं, दोन दिवसांत शोधशील."

तो मला पहिल्यांदाच 'तू' म्हणाला होता. ते मी तेवढ्यापुरतं सोडून दिलं.

"म्हणजे हे सगळं नोंदलं जातंय, हे तुला माहीत होतं?"

"तक्ता मीच बांधलाय ना. तफावत नसली की चार वाजता भेट नाही. ते मधले चार दिवस... मला नाही जमले. आणि तोंडाने सांगितलं असतं तर तू विश्वास ठेवला असतास? म्हटलं, स्वतः शोधून काढलंस तरच ठेवशील."

मला आनंद झाला होता आणि संतापही आला होता, दोन्ही एकदम. "आणि जागेचं काय? या सतरा चुका तुझ्या नावावर आहेत. दया करतोयस माझ्यावर?"

"आधी ते सुचलंच नाही. सुचलं तेव्हा... थांबावंसं वाटलं नाही."

"खऱ्या चुका तुझ्या एकवीस आहेत, माझ्या चोवीस. जागा तुझी आहे."

"कागद फाड. मग तुझी."

"अशी नको मला."

मी तो कागद बाईंच्या टेबलावर ठेवला. आधी माझ्या सापळ्याचं सांगितलं, मग त्याच्या सतरा ओळींचं, आणि शेवटी खरे आकडे. बाईंनी त्यालाही बोलावून घेतलं.

"दोघांनीही मुलांच्या नोंदीत मुद्दाम चूक घातली," त्या म्हणाल्या. "त्याच दिवशी दुरुस्त झाली, म्हणून मी हे वर कळवत नाही. हिने एकदा घातली, आणि आज स्वतःचं नुकसान होतंय हे दिसत असूनही येऊन सांगितलं. तू सतरा वेळा घातलीस आणि गप्प राहिलास. जागा हिची. तू आजच सामान आवर."

"बरोबर आहे, बाई," तो म्हणाला.

जागा मिळाली, पण माझ्या खोलीत न जाता मी जिन्यापाशी जाऊन थांबले. तो ग्रंथालयातला आपला मग आणि वही पिशवीत भरून जिन्यापाशी आला, तेव्हा मी तिथेच उभी होते.

"तोंड पाडू नकोस," तो म्हणाला. "मी केलं, मी भोगतोय."

"उद्या संध्याकाळी घरी ये."

"घरी?"

"आई चौकशी करेल. ती माझ्याहून संशयी आहे. खोटं बोललास तर तिला लगेच कळतं."

दुसऱ्या दिवशी तो आला. भांग नीट पाडलेला, बूट चिखलाने माखलेले. आईने मशीन चालूच ठेवलं.

"काय करता?"

"सध्या काहीच नाही. काल नोकरी गेली."

"का?"

"मुद्दाम चुका केल्या."

"कशासाठी?"

तो माझ्याकडे बघून अडखळला. "हिच्याशी... रोज अर्धा तास बोलायला मिळावं म्हणून."

मशीन थांबलं. आईने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आणि तुझं काय गं?"

इतके दिवस मी सगळ्यांना प्रश्न विचारत होते. मला हा प्रश्न कोणी विचारला नव्हता, मी स्वतःसुद्धा नाही.

"मला हा आवडतो, आई," मी म्हणाले. "आणि तो खरं बोलतोय, हे मी तपासलंय."

आईने शेजारच्या खुर्चीवरचा कापडाचा ढीग उचलून मांडीवर घेतला.

"बस," ती त्याला म्हणाली.