पाच छप्पन्नची सही

दोन फेब्रुवारी ते एक मार्च या अठ्ठावीस दिवसांत माणिकराव काकांनी मला रोज सकाळी पाच छप्पन्नला एक संदेश पाठवला. त्यांपैकी एकही मी उघडला नाही. अठ्ठावीसच्या अठ्ठावीस संदेश पाच सत्तावन्नला वाचले गेले आणि प्रत्येकाला माझ्या नावाने उत्तर गेले.

मी कारंजा लाडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. माणिकराव हे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ, एसटीच्या आगारातून मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. ते केनवडला आमच्या वस्तीत एकटे राहत. तीन वर्षांपूर्वी त्याच वस्तीत चंदाबाई नावाची म्हातारी घरात मरून पडली आणि तिसऱ्या दिवशी सापडली. त्यानंतर विहारात बैठक झाली आणि एक नियम ठरला. एकट्या राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्याने सकाळी उठल्यावर आपल्या एका माणसाला फोनवर ‘उठलो’ एवढे कळवायचे. त्या माणसाने ते सातच्या आत पाहायचे. ‘उठलो’ आले नाही, तर वस्तीतल्या उत्कर्ष नावाच्या तरुणाला फोन करायचा आणि उत्कर्षने जाऊन दार वाजवायचे. याला सगळे हाजरी म्हणत. वाचल्याच्या निळ्या खुणांना काका सही म्हणत, कारण आगारात आयुष्यभर त्यांची हाजरी सहीनेच लागत आली होती.

काकांची हाजरी माझ्याकडे होती.

नियम चांगला होता. माझे भांडण ‘उठलो’ या शब्दाशी नव्हते, त्याच्या मागून येणाऱ्या तीस-पस्तीस चित्रांशी होते. उगवता सूर्य, गुलाबावरचे दव, लिंबाच्या सालीने कर्करोग बरा करण्याचा उपाय, चंद्रावरून दिसणारा कुठलासा पूल. मी काकांना दोनदा समजावले, तिसऱ्यांदा रागावलो. चौथ्यांदा त्यांनी ‘राग आरोग्यास घातक’ असे चित्र पाठवले. त्यांना ब्लॉक करणे शक्य नव्हते. त्यांच्या संदेशापुढे एकच करडी खूण राहिली असती आणि दुपारपर्यंत साऱ्या वस्तीला कळले असते, की प्रसेनजितने काकाला बंद केले. म्हणून दोन फेब्रुवारीला मी सभ्य मार्ग घेतला. त्या संवादाचा आवाज कायमचा बंद केला, चित्रे आपोआप उतरणे थांबवले आणि संवाद संग्रहात ढकलला. नवीन संदेश आला तरी तो तिथून वर येणार नव्हता. हाजरी पाहायला रोज एकदा तिथे डोकावेन, असे मी ठरवले होते. मी एकदाही डोकावलो नाही.

दोन मार्चला, रविवारी, मी केनवडला गेलो. काका ओट्यावर बसून स्टोव्हला पिन मारत होते.

“ये बाबू, जय भीम. आता कसं, बरा जवाब देऊन राह्यला तू!”

“कसला जवाब?”

“घ्या! रोज इचारतं आन् मलेच पुसतं.” त्यांनी फोन पुढे केला. “पयले निरा ‘हो’ लिवे. जसं काही शब्दाले पैसे लागतात.”

मी वाचत गेलो. ‘गुडघा कसा आहे काका?’ ‘बीपीची गोळी जेवणानंतर घ्या, उपाशी नको.’ ‘मोरीतली फरशी निसरडी झाली आहे, पोतं टाका.’ लिहिण्याची ढब माझीच होती. पूर्णविरामासकट. आशय मात्र माझा नव्हता. त्या मोरीत मी दोन वर्षांत पाऊल ठेवले नव्हते. उठून पाहिले. फरशी शेवाळाने हिरवी झाली होती आणि तिच्यावर कोरडे, नवे पोते अंथरले होते.

मी माझा फोन काढून संग्रह उघडला. सगळी उत्तरे तिथेही होती, मी पाठवलेली म्हणून.

मला भीती वाटली नाही. राग आला. कोणीतरी माझ्या नावाने माझ्यापेक्षा चांगला वागत होता.

रात्री घरी पोचताच मी मंजुषाला विचारले. खरे तर विचारले नाही, आरोप केला. फोन उशाशी असतो, कुलपाचा आकडा तिला माहीत आहे, पहाटे ती आधी उठते.

“मले काय धंदा नाही का?” बायको म्हणाली. “पाच वाजता तुमच्या डब्याची कणीक मळू का तुमच्या काकाचा गुडघा पुसू?”

“मग कोण लिहितं?”

“कोन का असेना. तुमच्यापेक्षा बरं वागून राह्यलं ते.”

त्यावर मी जे बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

मी पद्धतशीर तपास केला. माझे खाते दुसऱ्या कोणत्याही यंत्राला जोडलेले नव्हते. तरी कुलपाचा आकडा बदलला, ॲप काढून पुन्हा टाकले. उत्तर गेलेच. मग सोमवारी संध्याकाळी फोन चालू ठेवून प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीतल्या लोखंडी कपाटात ठेवला. तिथे आम्लांच्या बाटल्या असतात आणि किल्ली फक्त माझ्याकडे असते. कपाटाच्या फटीवर कागदाची पट्टी चिकटवून तिच्यावर सही केली. मंगळवारी सकाळी आठला पट्टी शाबूत होती. कपाट उघडताच आम्लाचा ओळखीचा, नाक चुरचुरवणारा वास आला. फोन थंड होता.

काकांचा संदेश, ५.५६: ‘उठलो.’

माझे उत्तर, ५.५७: ‘आज डोकं दुखतं का? उत्कर्षला सांगून बीपी मोजून घ्या.’

मी काकांना फोन केला. त्यांचे डोके खरोखर दुखत होते. हे त्यांनी कोणालाच सांगितले नव्हते.

“तुले कसं समजलं बाबू?”

मी फोन ठेवला. ज्याचे स्पष्टीकरण देता येत नाही, त्याचा निदान मार्ग बंद करता येतो. त्या दिवसापासून झोपताना मी फोन पूर्ण बंद करू लागलो. सकाळी सातला सुरू करायचा, संग्रह उघडायचा, उत्तर गेले आहे का ते पाहायचे आणि वहीत आखलेल्या तक्त्यात नोंद करायची. बुधवारी उत्तर नव्हते. गुरुवारी नव्हते. प्रयोग यशस्वी झाला होता.

शुक्रवारी काकांचा फोन आला. “आजकाल सही उशिरा पडते बा तुही.”

“सातला पडते ना? नियम सातचा आहे.”

“हाव, नियम त आहे. पन जवाब काहून बंद केला? चुकलं काही माह्यं?”

“काका, मला कामं असतात.”

त्या दिवसानंतर चित्रे येणे बंद झाले. रोज फक्त ‘उठलो’. मी तेही यश म्हणून नोंदवले.

सोळा मार्चला रविवार होता. मी उशिरा उठलो. फोन सुरू केला तेव्हा नऊ वाजून बावीस मिनिटे झाली होती. हवा आतापासूनच तापली होती. मंजुषा गच्चीवर पापड वाळत घालत होती.

सवयीने संग्रह उघडला. नेटवर्क अजून आले नव्हते. काकांच्या नावाखाली हिरव्या अक्षरांत लिहिले होते: मसुदा.

मी संवाद उघडला. शेवटचा संदेश कालचा होता. खाली, लिहिण्याच्या चौकटीत, न पाठवलेला मजकूर होता:

‘हलू नका काका. उत्कर्षला धाडतो.’

फोन रात्रभर बंद होता.

मी तो मजकूर दोनदा वाचला. माझ्या बंद दाराच्या फटीतून कोणीतरी बोट घातले आहे, असे मला वाटले. संताप डोक्यात गेला. मी एकेक अक्षर मागून पुसत आणले. चौकट रिकामी झाली. फोन टेबलावर पालथा ठेवला आणि आंघोळीला गेलो.

नेटवर्क केव्हा आले, मला कळले नाही. त्या संवादाचा आवाज मी बंद केला होता.

दहा चाळीसला फोन वाजला. उत्कर्ष होता.

“सर, काकाजी सकाळपासून दिसले नाही म्हनून दार उघडून पाह्यलं, त मोरीत पडेल आहेत. एक बाजू हालत नाही. रिक्षात टाकून वाशिमले नेऊन राह्यलो. तुमाले हाजरी आली नाही का आज?”

मी फोन कानाला तसाच धरून संग्रह उघडला.

५.५६: ‘उठता येत नाही.’

त्यानंतर पाच वेळा नुसते ‘उ’. शेवटचा ‘उ’ नऊ एकतीसचा होता.

“सर? आली का नाही?”

“आली,” मी म्हणालो.

वाशिमच्या डॉक्टरांनी सांगितले, की मेंदूत गुठळी होती. पहिल्या साडेचार तासांत आणले असते तर औषध देता आले असते. काका मंगळवारी पहाटे गेले. उत्कर्षने त्यांच्या वस्तू एका पिशवीत घालून मला दिल्या. चष्मा, बीपीच्या गोळ्या, फोन. फोनमध्ये माझा संवाद उघडाच होता. माझ्या नावाखाली, कोणी उत्तर लिहीत असताना दिसते तसे, ‘टाइप करत आहे…’ असे दिसत होते. माझा फोन तेव्हा माझ्या खिशात होता, बंद.

वहीतला तो तक्ता मी पूर्ण केला. शेवटचा रकाना कारणाचा आहे. त्यात लिहिले: सोळा मार्च, सकाळी नऊ बावीस. मजकूर तयार होता. फक्त पाठवायचा होता. तो मी पुसला.