लालासाहेबाचा दोर

"धोंडीबाला मी तीस वर्षं ओळखतो. गोष्ट रंगवून सांगणं त्याच्या स्वभावातच नाही," विश्वजितअण्णा म्हणाले. विश्रामबागेतल्या गच्चीवर जेवणं आटोपून नातवंडं, साक्षी आणि शिवतेज, त्यांच्याजवळ सरकली होती. अण्णांनी सुपारी गालात सारली आणि सांगायला घेतलं.

धोंडीबा कोरेगावकडचा. गेल्या हिवाळ्यात तो साताऱ्याच्या पश्चिमेला, एका धरणाच्या फुगवट्याकाठी, मासेमारीच्या तळावर हंगामाला राहिला होता. तळ म्हणजे डोंगराच्या सोंडेवरची दोन पत्र्याची खोपटी. पाठीशी उभा कडा, उरलेल्या तिन्ही अंगांना पाणी. दर गुरुवारी ठेकेदाराची लाँच मासळी न्यायला येई. तिच्याखेरीज वाट नव्हती.

सोळा जानेवारीच्या गुरुवारी लाँच आलीच नाही. नेमका दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने त्याचा मुलगा कुणाल कोरेगावहून सरहद्दीवर निघायचा होता. आता दिवाळीपर्यंत ताटातूट. "स्टेशनवर येतो," असा शब्द धोंडीबाने दिला होता.

संध्याकाळी त्याने ट्रॅक्टरची ट्यूब फुगवायला घेतली. तळावर स्वयंपाक करणारी हरणाबाई चुलीपाशीच थबकली.

"आवं, धुकं बघा की! वाट कशी गावायची?"

"लालासाहेबाचा दोर धरून जातो. ह्या काठापासनं त्या काठापतूर हाय."

लालासाहेब तळावरचाच मासेमार, मागच्या हंगामात बुडाला होता. त्याचं जाळं सडून गेलं, पण दोर काढायला कोणी धजावलं नव्हतं. दोरावर बारा निळे डबे तरंगत. प्रत्येकाला तांबडी दोरी, तिला तीन गाठी. ही त्याची खूण.

"दिस मावळल्यावर दोराला हात लावायचा न्हाई," हरणाबाई म्हणाली. "रातीचं जाळं पाण्याचं. त्योबी असाच घरला निघाला हुता."

"पोरगं सरहद्दीवर चाललंय, आन् मी हितं माशांची हजेरी घिऊ व्हय?"

रात्री सव्वादहाला त्याने ट्यूब पाण्यात लोटली. तीवर बसून दोर दोन्ही हातांनी ओढत तो पुढे सरकू लागला. पहिला डबा गेला. दुसरा गेला. सहाव्या डब्याला वरून खाली चीर होती. ती त्याने बोटांनी चाचपली. मन स्थिर होतं. अकरा. बारा. आता काठ.

काठ आला नाही.

डबा आला. तेरावा.

मग आणखी डबे. मग एक चीर पडलेला. तीच चीर...

त्याने मागे पाहिलं. हरणाबाईचा कंदील जिथे होता तिथेच. तेवढाच दूर. तो जोराने ओढू लागला. तळहात सोलवटले. पुन्हा बारा डबे. पुन्हा चीर.

दोर सोडावा, तर चहूकडे धुकं. धरावा, तर...

मग मागून दोर ताणला गेला. एकदा. थांबून पुन्हा एकदा. कोणीतरी ओढत येत होतं. त्याच्याच लयीत.

"कोण हाय रं?"

...

ट्यूब एका बाजूला कलली. त्याच्या हातावर हात पडला. गार. ओला. क्षणभर थांबला. मग उचलला गेला आणि पुढे दोरावर टेकला. पुढे. आणखी पुढे.

आणि चाहूल विरली.

उजाडलं तेव्हा धोंडीबा तळाच्याच काठाला लागला होता. हरणाबाईने त्याच्या मुठी एकेक बोट करून सोडवल्या. तो धडपडत टेकाडावर चढला. फोनला रेंज तिथेच यायची. एव्हाना गाडी सुटून गेली होती.

"पोरा, मला याय जमलं न्हाई रं..."

"आबा, चेष्टा करतासा व्हय?" कुणाल हसला. "आत्ता तर भेटून गेलासा. हात किती गार हुतं तुमचं! आन् एक शबूद बोलला न्हाईसा."

धोंडीबाने आपल्या सोलवटलेल्या तळहाताकडे पाहिलं.

"आन् ट्रंकंला ही तांबडी दोरी कशापायी बांधलीसा? लय वली हाय. तीन गाठी..."

अण्णा थांबले. शिवतेजने हळूच विचारलं, "मग?"

"धोंडीबाने दिवसा जाऊन डबे पाहिले. चिरेच्या डब्याची दोरी नव्हती." अण्णांनी गच्चीचा दिवा लावला. "कुणाल दिवाळीला सुट्टीवर आला, तेव्हा ती ट्रंक मी पाहिली. नऊ महिने उलटले होते. दोरीखालची फरशी ओली होती."