हातभर जागा

"लेकीच्या घरात गं, मला हातभर जागा,
उंबऱ्याशी बसंन मी, तोडीत निळा धागा."

ही ओवी माझ्या आईची, वेणूबाईची. मी लहान होते तेव्हा कॅम्प तीन वस्तीतल्या भाड्याच्या खोलीत ती कारखान्यातून आलेल्या जीन्सचे सुटे धागे कापायची आणि गुणगुणायची. अजूनही तेच करते.

मी आता खरवईला राहते. एका संस्थेने कमी पगाराच्या, एकट्या माणसांसाठी बांधलेली इमारत. एका खोलीत पलंग, ओटा, कोपऱ्यात मोरी. ज्यांना कुणीच नाही, त्यांना आधी. आनंदनगरच्या कारखान्यातल्या पॅकिंगच्या पगारात दुसरं काही परवडत नव्हतं. फॉर्मवर आईच्या नावापुढे मी ‘मयत’ लिहिलं.

"सॉरी हं, ताई," कारकून म्हणाला.

मी मान खाली घातली. त्याला ते दुःख वाटलं.

आईला एवढंच सांगितलं, "तिथे एकालाच ठेवतात गं."

"बरं की," ती म्हणाली, आणि माझी पिशवी भरू लागली.

आठवड्याने पाळीवरून आले, कुलूप काढलं, तर उंबऱ्याच्या आत निळे धागे. कपड्यांतून आले असतील म्हणून झाडले. दुसऱ्या दिवशी पुन्हा, मूठभर. बाकी फरशी गार. उंबऱ्याजवळची तेवढी कोमट, कुणी आत्ताच उठून गेल्यासारखी.

शेजारची मीनल दारात आली. "शालन, दुपारी गातं कोण गं तुझ्याकडे? पाहुणे अलाऊड नाहीत हां, सुपरवायझर बोंब मारेल."

"मोबाईल चालू राहिला असेल."

"अय्या, मग हातात काय आहे?" ती हसली. "पण म्हातारीचा गळा मस्त आहे."

रविवारी मी कॅम्प तीनला गेले.

आई दाराशीच बसली होती. मांडीवर जीन्स, हातात कात्री. शेगडीवर धूळ. डब्यातल्या भाकऱ्या वाळून वाकलेल्या.

"जेवलीस का?"

कात्री चालत राहिली.

मी तिच्यासमोर बसले. तिच्याकडे बघवेना.

"आई, फॉर्मवर मी... तू मेलीस असं लिहिलंय."

कात्री थांबली.

"ठाऊक आहे गं," ती हळूच म्हणाली. "त्या दिवसापासून मला भूकच लागत नाही. तुला वाईट वाटेल म्हणून बोलले नव्हते."