श्वास न घेता गायलेलं गाणं

बसा, सांगतो. पण मध्ये काही विचारू नका, नाहीतर माझ्याच्याने पुढे बोलवणार नाही.

एका जुन्या इमारतीच्या तळघरात माझा छोटासा रेकॉर्डिंग स्टुडिओ आहे. गेल्या वर्षी तिथे एक गायिका आली. गाणी स्वतः लिहायची, चाली स्वतः लावायची, कुठल्या कंपनीच्या दारात उभी राहायची नाही. पहिलाच अल्बम, सहा गाणी. प्रत्येक गाण्याआधी त्यामागची गोष्ट आपल्याच तोंडून ऐकवायची, ही तिची कल्पना. पाच गाणी सुरळीत झाली. एक आजोळच्या घराचं, एक मोडलेल्या लग्नाचं... पोरगी गुणी होती.

सहाव्या गाण्याला मी तिला थांबवलं. "ही ओळ फार लांब आहे. श्वास कुठे घेणार?"

"घ्यायचा नाहीये, सर. गाणं तसंच मिळालं."

गाणं सुचतं. मिळालं असं कोण म्हणतं? मला ते खटकलं, पण मी रेकॉर्डिंग सुरू केलं.

मग तिनं गोष्ट सांगायला घेतली. हेडफोनमधून तिचा आवाज अगदी कानाशी येत होता. दोन भाऊ माळ्यावर लपाछपी खेळतात. थोरला लोखंडी ट्रंकेत लपतो. धाकटा गंमत म्हणून बाहेरून कडी घालतो. तेवढ्यात खाली पाहुणे येतात, त्यांच्या मोटारीतून फेरी मारायला मिळते, आणि तो विसरतो. परतल्यावर आठवतं. तो एकटाच वर जातो, आवाज न करता कडी काढतो आणि खाली येऊन गणिताची वही उघडून बसतो.

तो धाकटा मी.

झाकण पडून आपोआप घट्ट बसलं, असंच घरात सगळे समजतात. कडीचं मी बायकोलाही कधी बोललो नाही. आणि वहीचं तर माझं मलाच आठवत नव्हतं, तिनं म्हटल्यावर आठवलं.

मी काचेपलीकडे तिच्या खोलीत गेलो. "ही गोष्ट तुला कुणी सांगितली?"

"तुमच्या भावांनीच की."

"कुठले भाऊ?"

"बाहेर बाकावर बसलेले असतात ते. तुमच्याच चेहऱ्याचे, जरा थोराड. केस पिकलेत..." माझ्याकडे बघून ती अडखळली. "एका दमात बोलतात, सर. मध्ये श्वासच घेत नाहीत. म्हणून ओळ तशी झाली."

भाऊ गेला तेव्हा अकरा वर्षांचा होता.

मी बाहेर जाऊन पाहिलं. बाक रिकामा. वॉचमनला विचारलं, तर तो म्हणाला, महिनाभर तुम्ही आणि या बाई सोडून खाली कुणी उतरलेलं नाही. माझा राग तिच्यावरच निघाला. कुणीतरी हिला पढवून पाठवलंय, झोपेत मीच काही बरळलो असेन आणि ते हिच्यापर्यंत पोचलं असेल, नाना शंका. "तुला काय हवंय माझ्याकडून?" असं मी तिला सरळ विचारलं. ती रडायलाच लागली. गाणं राहू दे, गोष्ट काढ, एवढंच मी म्हणालो. तिनं मान डोलावली. गोष्टीचं रेकॉर्डिंग मी स्वतःच्या हातानं पुसलं.

अल्बम निघाला. सहाव्या गाण्यामागची गोष्ट त्यात नव्हती. गाण्याच्या शब्दांतही ट्रंक नाही, कडी नाही, नुसता अंधार आहे.

चार दिवसांनी आईकडे गेलो. ऐंशी उलटलेली, एकटीच राहते. दुपारची वेळ होती, ती खिडकीशी शेंगा सोलत बसली होती.

"ऐकलं मी ते सहावं गाणं," ती म्हणाली. "कडीचं काही त्यात घातलं नाहीत, बरं केलंत."

"आई... तुला कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? त्यानंच." तिनं एक शेंग फोडली, दाणे वाटीत टाकले. "रोज दुपारी येऊन बसायचा. तुझ्यावर राग नाही त्याचा, म्हणून मीही कधी बोलले नाही."

मग हात थांबवून तिनं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"पण गाणं निघाल्यापासून इकडे फिरकला नाही. मला वाटलं, तुझ्याकडे राहायला आला असेल."